बंड्याचं पथ्य

रुग्णाचं नाव बंड्या. जात पॉमेरियन, असं आम्ही अकरा वर्षं सांगत आलो. साताऱ्यात पांढऱ्या, झुबकेदार शेपटीच्या प्रत्येक कुत्र्याला पॉमेरियनच म्हणतात. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर ‘इंडियन स्पिट्झ’ लिहिलं तेव्हा अप्पांचं तोंड जरा उतरलं होतं. जन्म 2012 चा. हे सगळं सुरू झालं तेव्हा वजन 8.4 किलो, म्हणजे थोडा गुबगुबीतच.

घरात माणसं दोन. मी आणि माझे वडील अप्पा, वय 79, पाटबंधारे खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त. 2016 मध्ये त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, पण हृदय जरा अशक्तच राहिलं. तेव्हापासून मीठ कमी, तेल-तूप कमी, पाणी दिवसाला मोजून दीड लिटर, आणि सकाळी पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे शरीरातलं जास्तीचं पाणी काढणारी. अप्पांची प्रकृती इथे मुद्दाम सांगते आहे, कारण बंड्याच्या आजारातली निम्मी गुंतागुंत त्यांच्या पथ्याच्या कागदातून आली. उरलेली निम्मी माझी.

जुलै 2022 मध्ये रेबीजच्या लशीसाठी नेलं तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो उचलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. “हृदयात मर्मर ऐकू येतोय. तीव्रता सहापैकी तीन धरा. सवडीने एकदा इको करून घ्या.” कुत्र्याचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आमच्या ओळखीत साताऱ्यात कुठे होत नव्हता, पुण्याला जावं लागणार होतं. बंड्या जिने चढत होता, पोस्टमनवर भुंकत होता. ती सवड आम्हाला सोळा महिने झाली नाही.

त्या सोळा महिन्यांत नेमकं काय हातचं गेलं, हे नंतर कळलं. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार म्हणजे मायट्रल झडपेचा. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली ही झडप वयानुसार जाड, गाठाळ होते आणि नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात येतं. मर्मर म्हणजे त्या उलट्या रक्ताचा आवाज. वरचा कप्पा हळूहळू फुगतो, मग खालचाही. ही अवस्था वर्षानुवर्षं बाहेरून दिसत नाही. हृदय मोठं झालंय पण फुप्फुसात पाणी भरलेलं नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन नावाचं औषध सुरू केलं तर हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमी पडून ते पाणी भरणं, साधारण सव्वा वर्षाने पुढे ढकललं जातं, असं 360 कुत्र्यांवरच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. पण तो टप्पा गाठलाय की नाही हे नुसत्या कानाने कळत नाही, मोजावं लागतं. आम्ही मोजलं नाही.

2023 ची दिवाळी संपली आणि बंड्या खोकायला लागला. घशात काहीतरी अडकल्यासारखा, शेवटी उबळ येऊन ओकल्यासारखा करायचा, पण बाहेर काही पडायचं नाही. आम्ही फटाक्यांच्या धुराला दोष दिला. पाच दिवस अँटिबायोटिक झालं. रात्रीचा खोकला थांबेना तेव्हा एक्स-रे काढला. हृदयाचं माप पाठीच्या मणक्यांच्या तुलनेत घेतात, 10.5 च्या आत असावं, बंड्याचं 11.8 होतं. फुगलेला वरचा कप्पा श्वासनलिकेला खालून रेटत होता, म्हणून तो खोकला.

डिसेंबरात खंबाटकी ओलांडून पुण्याला गेलो. इकोच्या टेबलाला मधोमध भोक असतं, कुत्र्याला कुशीवर निजवतात आणि खालून छातीला प्रोब लावतात. बंड्या पूर्ण वेळ अप्पांच्या शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून पडला होता. डावा वरचा कप्पा महाधमनीच्या 1.9 पट (1.6 च्या पुढे गेला की मोठा म्हणतात), खालचाही वाढलेला. टप्पा बी-2. हृदय मोठं, फेल्युअर अजून नाही. पिमोबेंडन सुरू झालं, दिवसातून दोनदा, खाण्याच्या तासभर आधी. आणि खाण्याबद्दल डॉक्टर एकच वाक्य बोलले: “आहे तेच चालू ठेवा, फक्त खारट बंद करा.”

ते एक वाक्य घरी पोचेपर्यंत त्याचं पथ्य झालं.

अप्पांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाटातून 2016 चा कागद काढला. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला, लॅमिनेट केलेला. अंड्याचा पिवळा भाग नको, मटण-चिकन नको, तूप-लोणी नको, साय नको. “हृदयाचं म्हणजे हृदयाचं. मला जे, तेच त्याला,” असं म्हणून त्यांनी बंड्याच्या जेवणाचा ताबा घेतला. तोपर्यंत बंड्या दुपारी आमच्यातलीच पोळी आणि दूध, रात्री भात आणि चिकनचे उकडलेले तुकडे, अधूनमधून अंडं असं खायचा. फार शास्त्रोक्त नसेल, पण पोट भरायचं. आता सकाळ-संध्याकाळ मुगाची पातळ, अळणी खिचडी. वर दुधीच्या चार फोडी. पाण्याचं भांडंसुद्धा अर्धंच भरायचं.

मी विरोध केला नाही, हे कबूल करते. अळणी खिचडी म्हणजे काहीतरी सात्त्विक, आजाऱ्याला चांगलंच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की त्याला प्रश्न विचारावासा वाटत नाही.

चूक कुठे होती ते आता सरळ सांगता येतं. अप्पांचं दुखणं रक्तवाहिन्यांचं होतं. कोलेस्टेरॉलचे थर साचून वाहिनी अरुंद झाली, म्हणून तेल-तुपावर बंदी. कुत्र्यांत हा प्रकार फारच क्वचित होतो. बंड्याच्या वाहिन्या स्वच्छ होत्या, बिघडली होती झडप, आणि अंड्यातला पिवळा बलक वगळून झडपेला काडीचाही फायदा नव्हता. उलट हृदय आजारी असलं की शरीर स्वतःचेच स्नायू झिजवायला लागतं. अशा वेळी प्रथिनं काढून घेणं म्हणजे गळक्या टाकीची तोटीही उघडी ठेवणं.

पाण्याचंही तेच. अप्पांना दीड लिटरची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांनी घातली होती. कुत्र्याचं पाणी कधी तोडायचं नसतं, आणि पुढे पाण्याची गोळी सुरू झाल्यावर तर मुळीच नाही.

त्या कागदाच्या पाठीमागे अप्पांनी स्वतःच्या अक्षरात काही घरगुती उपाय टिपून ठेवले होते. सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका दहा. पाहुणे तासगावहून बेदाणा आणतात, त्यामुळे आमच्याकडे मनुकांचा तुटवडा नसतो. बंड्याला यातलं काही मिळालं नाही, ते केवळ मनुका त्याने थुंकून टाकल्या म्हणून. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंनी अर्जुनसालीची पूड दिली होती, ती मात्र मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको म्हणून डब्यातच ठेवली. माझ्या खात्यावर जमा असलेली ही एकमेव शहाणी गोष्ट.

जानेवारीत बंड्या 7.9 किलोवर आला. आम्ही खूश. हलका झाला, हृदयावरचा भार कमी झाला, असं अप्पा फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगत. फेब्रुवारीच्या शेवटी 7.4. तेव्हा अंघोळ घालताना हाताला कण्याचे मणी लागले. डोळ्यांच्या वर, कपाळाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. चरबी उतरली तर पोट आत जातं, कपाळाला खळगे पडत नाहीत. तिथे फक्त स्नायू असतात. पण केस इतके दाट, की नुसत्या डोळ्यांना तो तोच बंड्या दिसायचा.

याच दरम्यान दादाने ओहायोहून एका येणाऱ्या माणसाबरोबर पाच किलोची पिशवी पाठवली. धान्यविरहित, महागडी, पाकिटावर लांडगा. कुत्र्याचा पूर्वज लांडगा, लांडगा कुठे भात खातो, हा त्याचा युक्तिवाद. बंड्याने ते आनंदाने खाल्लं. नऊ दिवसांनी मी पिशवी घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले, कारण मागच्या बाजूला काय लिहिलंय ते मला नीट समजत नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. वाटाणा, मसूर, वाटाण्याचं प्रथिन, बटाटा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून पडताळलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, जुलै 2018 मध्ये जाहीर केलं की काही कुत्र्यांत हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या आजाराचा आणि अशा खाद्याचा संबंध आहे का, याची चौकशी चालू आहे. हा आजार एरवी डोबरमनसारख्या मोठ्या जातींत दिसतो, पण ज्यांच्यात तो सहसा दिसत नाही अशा जातींचे कुत्रेही आजारी पडत होते. जून 2019 पर्यंत त्यांच्याकडे 524 नोंदी जमल्या होत्या, त्यांतल्या 515 कुत्र्यांच्या. सर्वांत जास्त गोल्डन रिट्रीव्हर. त्यांच्या खाद्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त खाद्यं धान्यविरहित होती आणि 93 टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर किंवा दोन्ही. कारण सिद्ध झालं नाही, आणि डिसेंबर 2022 मध्ये एफडीएने सांगितलं की काही ठोस नवं हाती आल्याशिवाय यापुढे आकडे देणार नाही. काही कुत्र्यांत टॉरिन (हृदयाच्या स्नायूला लागणारं अमिनो आम्ल) कमी सापडलं, बऱ्याच जणांत ते व्यवस्थित होतं. मात्र खाद्य बदलल्यावर काहींची हृदयं सुधारली.

“बंड्याला झडपेचा आजार आहे, हा नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण झडप गळकी असलेल्या कुत्र्याच्या हृदयाच्या स्नायूवर आणखी एक शंका कशाला ओढवून घ्यायची?” मी निघता निघता विचारलं, मग आमची मुगाची खिचडी? तीही अर्धी डाळच. ते थांबले. “डाळ विष नाही. पण खिचडीशिवाय तो काय खातो?” मी म्हणाले, काही नाही. त्यांनी बंड्याला वजनाला आणायला सांगितलं. मार्च अखेर होती, शाळेत परीक्षा होत्या, मी नेलं नाही. पिशवी काकूंच्या जिमीला गेली. जिमी धडधाकट आहे, पण काकूंनाही नंतर सगळं सांगितलं.

26 एप्रिल 2024, शुक्रवार. गच्चीवर उडदाचे पापड. काकू आणि मी दोघी मिळून दरवर्षी करतो. पीठ कुटून, मळून, लाट्या तोडून ओल्या फडक्याखाली परातीत झाकून ठेवल्या आणि चहाला खाली आलो. गच्चीचं दार ओढून घेतलं होतं, कडी लावली नव्हती. परत गेलो तेव्हा फडकं बाजूला, परातीत चौदा-पंधरा लाट्यांची जागा रिकामी, आणि बंड्या मिशा चाटत बसलेला.

हा कुत्रा आयुष्यात कधी चोरून खाणारा नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा. चार महिने अर्धपोटी असलेल्या प्राण्याने उडदाचं पीठ चोरलं, यात नवल कसलं.

पापडाच्या पिठात मीठ तर असतंच, वर पापडखार, तोही सोडियमचाच क्षार. एका पापडात सहज 200 मिलीग्रॅमच्या पुढे सोडियम जातं. हिशेब केला तर बंड्याने त्या दुपारी साधारण आठवड्याभराचं सोडियम एका दमात गिळलं होतं. मी पाण्याचं भांडं काठोकाठ भरून ठेवलं, ते त्याने तीनदा रिकामं केलं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, आणि गळक्या झडपेमागे आधीच तुंबलेल्या रक्तात भर पडते. मग ते पाणी पाझरायला एकच जागा उरते, फुप्फुस.

शनिवारी रात्री साडेबाराला मला जाग आली ती श्वासाच्या आवाजाने. बंड्या आडवा होत नव्हता. कोपरं बाहेर फाकवून, मान पुढे ताणून बसला होता. हिरड्या राखाडी. मी मिनिट लावून मोजलं, 52. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला 30 च्या आत हवा. डॉक्टरांनी दवाखाना उघडला, फ्युरोसेमाइडचं, म्हणजे पाण्याच्या गोळीतल्याच औषधाचं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन सिलिंडरची नळी प्लॅस्टिकच्या शंकूत घालून त्याच्या तोंडासमोर धरली. तो शंकू पहाटे चारपर्यंत अप्पांनी धरला होता. मी दोनदा हात पुढे केला, त्यांनी दिला नाही. सकाळपर्यंत बंड्याने चार वेळा लघवी केली आणि श्वास 36 वर आला.

पापडानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. झडप गळत होतीच, आज ना उद्या हे व्हायचं होतं. पण ते त्या रात्री झालं.

टप्पा आता सी, म्हणजे हार्ट फेल्युअर झालेलं. गोळ्या चार झाल्या: पिमोबेंडन, फ्युरोसेमाइड, बेनाझेप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन. गंमत अशी की यातली पाण्याची गोळी, फ्युरोसेमाइड, अप्पांचीही तीच. एकाच नावाच्या पट्ट्या, ताकद वेगळी. पहिल्याच आठवड्यात अप्पांच्या डबीत बंड्याची गोळी सापडली. त्यानंतर बंड्याचा डबा फ्रिजवर आणि अप्पांचा देवघराशेजारी, असा कायमचा विभक्त संसार झाला. आठव्या दिवशी रक्त तपासलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं माप), पोटॅशियम ठीक. वजन 7 किलो.

त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला एक काम दिलं. तीन दिवस बंड्याच्या तोंडात जे जे जाईल ते लिहायचं. जेवण नव्हे, जे जे जाईल ते.

हा कागद आमच्या घरातला सगळ्यात लाजिरवाणा दस्तऐवज आहे. पहिल्या दिवशी खिचडी दोन वाट्या, आणि त्याखाली: दुपारी चारला खारीचा तुकडा (अप्पा), सकाळी मारीचा कोपरा (अप्पा), ब्रेडची कड (कामाच्या मावशी), चीज क्यूब अर्धा, पुन्हा अर्धा (मी). चीज गोळ्या लपवायला. डिसेंबरपासून रोज दोनदा मी त्याला पिमोबेंडन चीजमध्ये घालून देत होते. एका क्यूबमध्ये 200 मिलीग्रॅमच्या पुढे सोडियम, ब्रेडच्या स्लाइसमध्ये 100 ते 150. खिचडी अळणी करून आम्ही जे वाचवत होतो, त्याच्या दुप्पट मी औषधाच्या नावाखाली भरवत होते. आणि एवढं करून दिवसाचा आहार तीनशे-सव्वातीनशे कॅलरीच्या पुढे जात नव्हता, प्रथिनं कशीबशी दहा-पंधरा ग्रॅम.

अप्पा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे उपासमारही केली आणि खारटही घातलं.”

दुसरं पथ्य डॉक्टरांनी आकड्यांत बसवून दिलं. 7 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला साधारण 300 कॅलरी लागतात, हिंडण्या-फिरण्यासकट 480 धरल्या. सोडियम दर 100 कॅलरीला 80 मिलीग्रॅमच्या आत, म्हणजे दिवसाला 380. पाव चमचा मिठात याहून जास्त असतं. पण शून्यही नको, असं त्यांनी बजावलं. मीठ अगदी तोडलं की शरीर घाबरून पाणी आणि सोडियम धरून ठेवणारी संप्रेरकं वाढवतं, आणि आपण गोळ्या देतो त्या नेमक्या त्यांच्याच विरुद्ध. अप्पांनी लगेच त्यांचं लो-सोडियम मीठ पुढे केलं. तेही बाद, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि बंड्याच्या चारपैकी दोन गोळ्या, बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम वाढवणाऱ्या.

ताटात आता येतं ते असं. उकडलेलं बिनहाडाचं चिकन 120 ग्रॅम, शिजलेला भात 130 ग्रॅम, एक अख्खं अंडं बलकासकट, थोडा लाल भोपळा, चमचाभर तेल, ज्यात फिश ऑइलचा वाटा डॉक्टरांनी ठरवलेला (ओमेगा-3 ने भूक आणि स्नायू टिकायला मदत होते, कॉड लिव्हर ऑइल मात्र चालत नाही, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व फार). चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, म्हणून त्यांनी लिहून दिलेली खनिजांची पूड. ती नसेल तर हे ताट सहा महिन्यांत हाडांवर येईल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. इंटरनेटवर सापडलेली पाककृती उचलून वर्षभर चालवणारे लोक मला आता घाबरवतात. दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. सोडियम सगळं मिळून 160-170.

म्हणजे रोज दोनशेच्या वर शिल्लक राहत होती. ही शिल्लक अप्पांना दिली, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा उपचार तोच होता. चार वाजताची खारी हा बंड्याचा आहार नव्हताच. ती त्या दोघांची भेट होती. ती नुसती बंद केली असती तर अप्पांनी चोरून चालू ठेवली असती, मी त्यांना ओळखते. त्याऐवजी डॉक्टर म्हणाले, “आजोबा, रोज एवढं तुमचं. कशावर खर्च करायचं ते तुम्ही ठरवा, पण नोंद ठेवा.”

हिशेबनिसाला वही मिळाली. खारीच्या पाकिटावर सोडियमचा आकडाच नव्हता, म्हणून ती पहिल्या दिवशीच बाद झाली. “बिल नाही तर पेमेंट नाही.” मारीच्या जागी बिनमिठाच्या फुलक्याचे तव्यावर कडक केलेले तुकडे आले. आणि गोळ्यांसाठी चीजऐवजी कंदी पेढा. साताऱ्यात राहून हे आधी सुचलं नाही याचं मला वाईट वाटतं. हरभऱ्याएवढा पेढा गोळीभोवती वळायचा, त्यात मीठ नावापुरतं. पेढा आणि जेवण यांत तासाचं अंतर सांभाळतो. सुकट आणि बोंबील काकूंकडून यायचे ते बंद झाले, त्यांत मिठाशिवाय दुसरं काय असतं.

श्रावणात प्रश्न आला. आमच्याकडे श्रावणात घरात चिकन शिजत नाही. मी मागच्या पडवीत छोटा कुकर आणि जुनी शेगडी मांडली. आई असती तर काय म्हणाली असती, असं मी पुटपुटले. अप्पा म्हणाले, “त्याला श्रावण नाही,” आणि कुकरच्या शिट्या मोजायला तिथेच खुर्ची टाकून बसले.

सगळं सरळ झालं असं नाही. सप्टेंबरात फ्युरोसेमाइड वाढवावं लागलं, त्यानंतर आठवडाभर त्याने चिकनला तोंड लावलं नाही. अशा वेळी पथ्य सोडायचं आणि जे खाईल ते द्यायचं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हार्ट फेल्युअर झालेले जे कुत्रे वजन वाढवतात ते सगळ्यात जास्त काळ जगतात, असं दिसून आलंय. एक दिवस तो फक्त दूधभात आणि अर्धं ऑम्लेट खाऊन राहिला. आपल्या ऑम्लेटसारखं नव्हे, कांद्याशिवाय. डिसेंबर 2023 मध्ये मला कोणी हे सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तेव्हा मला पथ्य म्हणजे काय काय काढून घ्यायचं याची यादी वाटायची.

रोज रात्री नऊनंतर बंड्या गाढ झोपला की अप्पा त्यांचं जुनं एचएमटीचं घड्याळ हातात घेऊन मिनिटभर त्याची छाती मोजतात. 30 च्या वर दोनदा आलं तर डॉक्टरांना फोन. आतापर्यंत असं तीनदा झालं. दोनदा गोळीचं प्रमाण बदललं, एकदा तो स्वप्नात पळत होता. दर रविवारी वजन: मी त्याला उचलून काट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी अप्पा करतात. माझं वजन त्यांनी वहीत लिहायचं नाही, असा करार आहे.

मायट्रलच्याच आजाराने हार्ट फेल्युअर झालेल्या 252 कुत्र्यांवर एक जुना अभ्यास आहे, 2008 चा. पिमोबेंडनवर असलेले कुत्रे मध्यकाने (निम्मे याहून जास्त, निम्मे कमी) 267 दिवस टिकले, बेनाझेप्रिलवरचे 140. डॉक्टरांनी हा आकडा आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता आणि अप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर तो लाल शाईने लिहिला होता. त्या शनिवारच्या रात्रीपासून मोजून 268 व्या दिवशी त्यांनी त्याच्याखाली एक रेघ मारली आणि काही बोलले नाहीत.

आज 311 वा दिवस. खोकला आहे. गच्चीवर उचलून न्यावं लागतं, आणि यंदा पापड काकूंच्या गच्चीवर होणार आहेत. पोस्टमनवर भुंकणं बसल्या जागेवरून चालतं. वहीतली आजची ओळ अप्पांच्या अक्षरात अशी:

4 मार्च 2025. श्वास 22. वजन 7.7. जेवण पूर्ण, अंडं आधी खाल्लं. पेढा दोन हरभरे. फुलका चार तुकडे. शिल्लक 150, उद्यावर नेता येत नाही.